नववी-दहावीच्या मधली सुकती

२००७ सालचा मे महिना मी आजवर तीनदा लिहायला घेतला. दोनदा फसलो. तिसऱ्यांदा वही भरली; तिला कादंबरी म्हणायचं का, हे अजून ठरवलेलं नाही. महाराष्ट्र दिनाला लागलेला नववीचा निकाल आणि दहावीचा पहिला दिवस यांच्या मधली सुट्टी, उरण, आणि तीन पोरं, एवढंच तिच्यात आहे. खून नाही, प्रेमप्रकरण म्हणावं असंही काही नाही. लिहिता लिहिता जे उमगलं ते इथे आकडे घालून मांडतो. आकडे घातले की मला स्वतःला आवरता येतं, नाहीतर मी उरणच्या मोऱ्याच्या धक्क्यावरून निघतो तो थेट १९८४ च्या जासईच्या आंदोलनात जाऊन पोचतो.

१. दुसऱ्याच्या गावची गोष्ट वाचून आपलं गाव दिसायला लागतं, आणि फसायलाही तिथेच होतं.

मिलिंद बोकिलांची ‘शाळा’ २००४ साली आली. माझ्या हाती ती त्याच सुट्टीत पडली, वाचनालयाची, कव्हर निघालेली प्रत. आणीबाणीच्या काळातलं नववीचं एक वर्ष. मुकुंद जोशी, चित्रे, सुऱ्या, फावड्या, आणि जिला सगळे आडनावानेच ओळखतात ती शिरोडकर. अर्धवट बांधलेल्या इमारतीत बसून पोरं जे बोलतात ते पुस्तकात छापतात हे मला त्या दिवशी कळलं. तोवर पुस्तक म्हणजे ‘श्यामची आई’, नाहीतर फास्टर फेणे. एक रडवायचं, दुसरं पळवायचं. ‘शाळा’ने मला नुसतं जागेवर बसवून ठेवलं. दोन दिवसांत संपवली आणि लगेच वाटप करून टाकलं: सुऱ्या कोण, फावड्या कोण. मी अर्थात जोशी.

आमच्या आळीत जोशी एकही नव्हता ही गोष्ट तेव्हा डोक्यात आली नाही. मी आगरी. घर बंदरासाठी जमीन गेलेल्यांपैकी, बापूस प्रकल्पग्रस्त म्हणून नोकरीला, मोबदल्यातला साडेबारा टक्क्यांचा भूखंड फायलीत. कॉलेजात असताना पहिल्यांदा लिहायला बसलो तेव्हा त्या वाटपाची फळं मिळाली. माझी उरणची पोरं वहीत डोंबिवलीच्या पोरांसारखी बोलत होती. साठ पानं झाली होती. सगळी फाडली.

२. सुट्टीला घड्याळ लागत नाही, पण पंचांग लागतं.

आम्हा तिघांतल्या निवट्याचं खरं नाव देत नाही, तो अजून मोऱ्यालाच असतो. निवटी म्हणजे खाडीच्या गाळात उड्या मारत पळणारा मासा, डोळे डोक्यावर आलेले. हा पोरगा गाळावरून तसाच चालायचा. आम्ही गुडघ्यापर्यंत रुतायचो, हा घोट्याच्या खाली. नववीत तो नापास झाला, बीजगणितात. निकालाच्या दिवशी शाळेच्या फाटकाशी मी त्याचं सांत्वन करत होतो आणि तो मला सांगत होता की उद्या पुनव आहे ना, म्हणजे आज साडेदहाच्या सुमारास भरती लागेल, चल, धक्क्यावरून उड्या मारू.

मला वाटलं, सवयीने सांगतोय. तसं नव्हतं. त्याच्या आजाने त्याला पाऊणकी शिकवली होती. तिथीला पाऊणने गुणायचं की भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, पुनवेला आणि अवसेला सव्वाअकरा. थोडं इकडेतिकडे. भरतीनंतर सहाएक तासांनी सुकती, म्हणजे ओहोटी. शाळेतून पावकी-निमकी-पाऊणकी केव्हाच हद्दपार झालेली, आणि हा बीजगणितात नापास पोरगा अपूर्णांकाचा गुणाकार बोटांवर करत होता. बीजगणित काढणाऱ्यांना मी दोष देत नाही. पण प्रश्नपत्रिकेत एक भरती घातली असती तर निवट्या आमच्याबरोबर दहावीत असता.

मोऱ्याहून भाऊच्या धक्क्याला लॉन्चने तास लागतो, तोही पाणी असलं तर. सुकतीला गाळामुळे लॉन्च धक्क्याला लागत नाही, लोक खोळंबतात. उरणात वाढलेल्या माणसाच्या अंगात हा खोळंबा असतो. बाहेरून आलेले वैतागतात, आम्ही शेंगदाणे घेतो.

३. गोरं व्हायची क्रीम मे महिन्यात लावू नये.

बहिणीच्या पेटीतून चोरून मी ती रोज लावायचो. लग्नसराई होती, हळदीला सगळी आळी जमणार, फोटो निघणार. घाम आला की तोंडावर पांढरे ओघळ. निवट्या बघून म्हणाला, “तुजे तोंडावं मिठागर झायलाय.” उरणच्या पोराला मिठागर काय असतं हे समजावून सांगावं लागत नाही. क्रीम बंद झाली. त्या हळदीचा एक फोटो आहे. त्यात मी आहे तेवढाच काळा आहे आणि लग्नाची गाणी म्हणणाऱ्या धवलारणीच्या मागे उभा राहून तोंड उघडं टाकून हसतोय. इतका मनमोकळा हसलेला माझा दुसरा फोटो घरात नाही.

४. ‘मला’ तीन तऱ्हांनी म्हणता येतं.

आमच्यातला तिसरा कॉलनीतला. त्याला आम्ही कॉलनी असंच म्हणायचो. वडील ओएनजीसीत. मुंबई हायचा गॅस समुद्राखालच्या नळांतून उरणला येतो, त्या प्रकल्पावर. मूळ नागपूरकडचा. पहिल्याच दिवशी त्याने वर्गात “मले काय माहीत” म्हटलं आणि अख्खा वर्ग हसला. त्याने वळून पाहिलं, त्यालाही हसू आलं, आणि दुसऱ्या दिवशी तो पुन्हा “मले”च म्हणाला. तिसऱ्या दिवशी हसणारे दमले.

निवट्या म्हणायचा “मना”. मी म्हणायचो “मला”. म्हणजे घरात “मना”च, पण उंबरा ओलांडताना चप्पल घालावी तसा “मला” घालायचो. आयस बाहेर आली की आई व्हायची, होरीची होडी व्हायची, गारीची गाडी. मला कुणी शिकवलं नव्हतं. शाळेतल्या बाई एकदा प्रेमाने म्हणाल्या होत्या, “तू तर अगदी शुद्ध बोलतोस रे, वाटत नाही इकडचा.” ते वाक्य मी सातवीपासून बक्षिसासारखं जपलं होतं.

आता सांगायला सोपं वाटतं, पण त्या मे महिन्यात मला या दोघांतला कोण जास्त आवडतो आणि कोणाची जास्त लाज वाटते हे वेगळं करता येत नव्हतं.

५. नाकारलेला डबा परत घरी येतो.

दहावीसाठी पनवेलच्या एका क्लासला सुट्टीतली बॅच लावली होती. उरणहून तासाभराची एसटी. तिथे मी पनवेलचाच आहे असं सांगून टाकलं होतं. खोटं बोलायचं काही कारण नव्हतं, कुणी विचारलंही नव्हतं. पण पहिल्या बाकावरची पोरं पटापट बोलत होती आणि मला त्यांच्यात बसायचं होतं.

एक दिवस डबा विसरलो. निवट्या बापसाबरोबर होडीच्या इंजिनाचा कसलासा पार्ट आणायला पनवेलला निघालेला. आयशीने डबा त्याच्या हाती दिला. तासभर एसटीत तो डबा मांडीवर घेऊन आला आणि मधल्या सुट्टीत क्लासच्या जिन्यात उभा राहून त्याने माझ्या नावाने हाक मारली. पायात रबरी चप्पल, अंगाला सुक्या बोंबलांचा वास. “तुजे आयशीनं डबा दिलाय.”

शेजारच्या पोराने विचारलं, “कोण रे हा?”

मी म्हणालो, “आमच्याकडे मासळी घेऊन येतात ना, त्यांचा.”

निवट्याने ते ऐकलं. डबा त्याने माझ्या हातात दिला नाही, जिन्याच्या पायरीवर ठेवला. खाली न बघता, चालीत जराही फरक न करता तो उतरून गेला. गाळावरून चालतो तसाच, हलका.

डबा मी उघडला नाही. सगळ्यांसमोर उघडला तर वास सुटेल म्हणून. संध्याकाळी तो तसाच भरलेला घरी आणला आणि आयशीला सांगितलं, पोटात दुखत होतं. तिने ओवा दिला. बोंबील कोंबड्यांना गेले.

हा प्रसंग पहिल्या खर्ड्यात नव्हता. दुसऱ्यात होता, पण त्यात डबा नाकारणारा कॉलनी होता. आपण केलेलं दुसऱ्या पात्राच्या गळ्यात घालायची सोय कादंबरीत असते, आणि ती सोय वापरली की पुढचं एकही पान जिवंत होत नाही. मी नव्वद पानांपर्यंत हट्टाने ओढलं. मग तीही वही ठेवून दिली.

६. मोठ्यांचं राजकारण पोरांना मागच्या दारातून कळतं.

‘शाळा’त आणीबाणी आहे, पण पोरांना ती मोठ्यांच्या बोलण्यातून, अर्धीमुर्धी समजते. आमच्या सुट्टीत सेझ होतं. उरण, पनवेल, पेण तालुक्यांतल्या गावांच्या जमिनी महामुंबई सेझसाठी घ्यायच्या ठरल्या होत्या. रोज कुठेतरी सभा, लाल बावटे, एन. डी. पाटलांचं भाषण. माझा आजा काठी टेकत जायचा. १९८४ च्या जानेवारीत जासईच्या आंदोलनात दि. बा. पाटलांच्या मागे तो उतरला होता. १६ आणि १७ तारखेच्या गोळीबारात पाच जण गेले. त्यातला एक जण आपल्यापासून किती अंतरावर होता हे तो दर सभेनंतर सांगायचा. दरवेळी अंतर थोडं कमी व्हायचं.

आम्हाला त्यातलं काय कळत होतं? जमीन दिली की मोटरसायकल येते, एवढं. चुलतभाऊ हळदीच्या मांडवात गुंठ्याचा भाव बोलत आणि आजा ऐकून न ऐकल्यासारखं करून उठून जाई. पुढच्या वर्षी, २१ सप्टेंबर २००८ ला, पेणकडच्या बावीस गावांत सेझवर शेतकऱ्यांचं मत घेतलं गेलं. पुढे ते सेझ झालंच नाही. पण त्या मे महिन्यात हे कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि लिहितानाही ते ठाऊक नसल्यासारखंच लिहावं लागतं. या एका गोष्टीवर मी सर्वांत जास्त खोडरबर झिजवलं.

७. भांडण मिटवायला समुद्राची मदत घ्यावी.

दहा-बारा दिवस निवट्या भेटला नाही. कॉलनीला काय झालं ते माहीत नव्हतं. त्याने सरळ ठरवून टाकलं की घारापुरीला जायचं, तिघांनी. निवट्याची मावशी तिथे मोराबंदरला दिलेली. एका काकाची होडी जात होती.

पर्यटक सकाळी येतात, लेणी बघतात, शेवटच्या लॉन्चने जातात. रात्रीची घारापुरी फार थोड्यांनी पाहिलेली असते. तेव्हा बेटावर वीज नव्हती. संध्याकाळी तीनेक तास जनरेटर चाले, मग अंधार. समुद्राखालून केबल टाकून वीज आली ती २०१८ च्या फेब्रुवारीत. आम्ही ओट्यावर गोधडी टाकून पडलो होतो. समोर न्हावा-शेव्याच्या बंदराच्या क्रेन दिव्यांनी लखलखलेल्या, उरणच्या अंगाला आभाळ तांबूस, पलीकडे मुंबई. सगळ्या जगाला दिवे आणि मधोमध आम्ही काळोखात. मावशी म्हणाली, “बंदराचा उजेड फुकट मिळतो आमाना.” ती हसली नाही, त्यामुळे आम्हीही हसलो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेण्यात गेलो. महेशमूर्तीची तीन तोंडं आणि आम्ही तिघं, यावरून काहीतरी काढायचा मोह दुसऱ्या खर्ड्यात मला झाला होता. दोन पानं होती. ती पानं आता कुणालाही दाखवणार नाही.

परतताना सुकती लागली. होडी मोऱ्याच्या धक्क्यापासून लांबच गाळात टेकली. काका म्हणाला, दोन तास. ऊन माथ्यावर. कॉलनी टोपी तोंडावर घेऊन झोपला. निवट्या पाण्यात बोटं बुडवून बसला होता. बऱ्याच वेळाने, माझ्याकडे न बघता त्याने विचारलं, “बोंबील कसं व्हतं?”

“खाल्लं नाय,” मी म्हणालो.

माझ्या तोंडून ते घराबाहेर पहिल्यांदा असं आलं. ठरवून नव्हे, दोन तास गाळात बसल्यावर चप्पल कोण घालतं?

“मंग मना तरी द्याचं व्हतं,” निवट्या म्हणाला. “मी बी उपाशी व्हतू.”

माफी मी मागितली नाही. आजतागायत मागितलेली नाही.

८. जून आला की बदली येते.

कॉलनीच्या वडिलांची झाली. सामानाचा ट्रक, तिघांचा एक फोटो, पत्ता लिहिलेला कागद. दोन पत्रं आली. याहून जास्त लिहिण्यासारखं खरंच काही नाही. मैत्री तुटण्याचं कारण शोधत कादंबरीकार पानंच्या पानं खर्च करतात, पण सरकारी नोकरीत ते एका ऑर्डरवर मावतं.

९. लेखकाला त्याची बोली दुसऱ्या लेखकाकडून परत मिळते.

२०१२ च्या जानेवारीत सुजय डहाकेंचा ‘शाळा’ सिनेमा पाहिला, पुढे राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला. बाहेर आलो तेव्हा वाटलं, संपलं, हा विषय झाला, आता कुणाला गरज आहे? त्याच सुमारास इंग्रजीच्या अभ्यासाला असलेल्या मैत्रिणीने रे ब्रॅडबरीची ‘डँडेलियन वाइन’ दिली. १९५७ची. इलिनॉयमधल्या एका छोट्या गावातला १९२८ चा एक उन्हाळा, बस्स. सगळी कादंबरी एका उन्हाळ्याची. धीर आला, पण माझी अडचण उन्हाळ्याची नव्हतीच.

अडचण सोडवली लंपनने. प्रकाश नारायण संतांचं ‘वनवास’ १९९४चं, मग ‘शारदा संगीत’, ‘पंखा’, ‘झुंबर’. बेळगावकडे आजी-आजोबांपाशी राहणारा पोरगा. त्याच्या मराठीत कानडी असं मिसळलेलं की वेगळं काढताच येत नाही. संतांनी ते धुतलं नाही, खाली अर्थांच्या टिपांची रांग लावली नाही. वाचणारा चार पानं अडखळतो, पाचव्या पानापासून तो स्वतःच तसं बोलायला लागतो. मी पुण्यात भाड्याच्या खोलीत ते वाचत होतो आणि मला बाईंचं वाक्य आठवलं, वाटत नाही इकडचा. पहिल्यांदा त्याचा राग आला. बाईंचा नव्हे. त्या चांगल्याच होत्या. ते जपून ठेवणाऱ्याचा.

तिसऱ्या खर्ड्यात निवट्या “मना” म्हणतो, कॉलनी “मले” म्हणतो, आणि सांगणारा पोरगा घरात एक, बाहेर एक बोलतो. बाहेरचं बोलताना वाक्यं नीट, पूर्ण, जरा मेलेली. मी ती सुधारली नाहीत. तो तसाच बोलत होता. माझ्या ओळखीच्या एका संपादकाने वाचून सांगितलं की निवेदकाची भाषा सुरुवातीला कृत्रिम वाटते. मी म्हटलं, हो.

१०. ज्याच्यावर लिहिलं त्याला वाचून दाखवावं, छापायच्या आधी.

१२ जानेवारी २०२४ ला एकाच दिवशी अटल सेतू आणि उरणची लोकल, दोन्हींचं उद्घाटन झालं. सेतू शिवडीहून चिर्ल्याला, जवळपास बावीस किलोमीटर, त्यातले साडेसोळा समुद्रावरून. आता लोक मला विचारतात, लॉन्च अजून आहे का. आहे. सुकतीला अजून खोळंबतेही.

त्याच वर्षी मे अखेरीला लोकलने उरणला उतरलो, पिशवीत वही. निवट्या होडी शाकारायच्या कामात होता. पावसाळी बंदी तोंडावर आलेली. धक्क्यावर बसून मी त्याला वाचून दाखवलं, डब्याचं पान आधी. तो दोरीला गाठ मारत ऐकत होता. ते पान संपल्यावर त्याने फक्त “पुढं” म्हटलं. मी पुढचं वाचलं: अष्टमी, भर दुपारी बाराला भरतीचं पाणी धक्क्याला लागलंय, आणि तिघं हात धरून उडी मारतात. या पानावर मी खूश होतो. त्याच्यात ऊन आहे, पाणी आहे, तिघांच्या सावल्या आहेत.

निवट्याचा हात थांबला.

“अष्टमीला बाराला सुकती आसंल,” तो म्हणाला. “आठ पाऊणे सहा. तुजी पोरा गालात जातील कंबरेपातुर.”

त्या रात्री मी पंचांग काढून बसलो. अष्टमी बदलता येत नव्हती, पुढचं एक लग्न तिच्यावर टेकलेलं होतं. म्हणून उडी संध्याकाळी सहावर नेली. सहाला कॉलनीला घरी पोचायचं असायचं, त्याच्या आईचा नियम. त्यामुळे त्या पानावर आता दोघंच आहेत.